पक्षी मागे का बघतोय? मुखपृष्ठावरच्या आफ्रिकन चिन्हांबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात घानामधल्या अदिंक्रा कापडाबद्दल मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, कापडावर ठशांनी चिन्हं उमटवतात, प्रत्येक चिन्हाला नाव असतं आणि बऱ्याच चिन्हांमागे एखादी म्हण असते, एवढंच. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. मुखपृष्ठं करणारी मुलं आहेत, अनुवादक आहेत, छोटे प्रकाशक आहेत आणि एक शाळेतल्या बाईपण आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, राग मानू नका.

ताई, मी कोल्हापूरला अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. घानामधल्या कवितांच्या मराठी अनुवादाला कव्हर करायचं असाइनमेंट आहे. नेटवर अदिंक्राची साठेक चिन्हं एका पानावर मिळाली, त्यातली दिसायला छान अशी सहा घेऊन पॅटर्न केला. सर म्हणतात, "चांगलं आहे, पण गिफ्ट रॅपरसारखं वाटतंय." काय चुकतंय?

सर बरोबर बोलतायत आणि चूक नेमकी कुठे आहे ते तुझ्या प्रश्नातच आहे, "दिसायला छान अशी सहा". तू आकार निवडलेस, पण ती चिन्हं काहीतरी बोलतात गं, आणि सहा जणांनी एकदम सहा वेगळ्या गोष्टी बोलायला सुरुवात केली की नुसता गलका होतो.

आधी माझं सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी लहान मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकाला बॉर्डर केली होती, पश्चिम आफ्रिकेतल्या लोककथा होत्या, मी एका फुकटच्या व्हेक्टर पॅकमधून शिडीसारखं एक चिन्ह उचललं, मला वाटलं शिडी म्हणजे वर चढणं, प्रगती, मुलांसाठी मस्त. पुण्यात पुस्तक प्रदर्शनात घानाहून शिकायला आलेला एक मुलगा ते पुस्तक हातात घेऊन बराच वेळ बघत उभा होता. मग त्याने मला अगदी हळू आवाजात विचारलं की या गोष्टी मरणाबद्दल आहेत का. ते चिन्ह होतं ओवुओ आत्वेदिए, मृत्यूची शिडी, जी राजापासून रंकापर्यंत प्रत्येकाला चढावीच लागते. मी ते चारी बाजूंनी छापलं होतं आणि पुस्तक होतं सहा वर्षांच्या मुलांचं. पुढच्या आवृत्तीत बॉर्डर बदलली पण पहिली आवृत्ती घरोघरी गेलीच ना. तेव्हापासून नाव आणि अर्थ माहीत असल्याशिवाय मी एकही चिन्ह कागदावर घेत नाही.

आता तुझ्या कव्हरकडे येऊ. अदिंक्रा हे आकान लोकांचं, त्यातही मुख्यतः असांते लोकांचं, घानामधलं आणि शेजारच्या आयव्हरी कोस्टमधल्या ग्यामान भागातलं. ग्यामानच्या आदिंक्रा नावाच्या राजावरून हे नाव पडलं असं सांगतात, १८१८ च्या लढाईत असांतेंनी त्याला हरवलं आणि ही कला तिकडून आली अशी ती गोष्ट. पण बोडिच नावाचा इंग्रज १८१७ मध्येच असांतेंच्या राजधानीला, कुमासीला जाऊन एक अदिंक्रा कापड घेऊन आला होता, ते आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, म्हणजे गोष्टीच्या आधी कापड हजर! मला ही विसंगती फार आवडते, कारण कला कुठल्याही राजाच्या आधीपासून लोकांच्या हातात असते. आणि हे कापड मुळात निरोपाचं, अंत्यविधीला नेसायचं, काळं, गडद तांबडं किंवा विटकरी तपकिरी. पांढऱ्या, उजळ कापडावरचं अदिंक्रा सणासुदीला असतं आणि आता तर टीशर्टपासून प्लास्टिकच्या खुर्चीपर्यंत सगळीकडे दिसतं, पण गडद तपकिरीवर काळा ठसा दिसला की तिकडच्या माणसाच्या मनात पहिल्यांदा काय येईल हे माहीत असू दे.

म्हणून सहा नको, एक घे. कविता वाच, खरंच सगळ्या वाच, आणि त्यात काय परत परत येतंय ते शोध. मागे वळून बघणं, आजी, सोडून आलेलं गाव, हे असेल तर सांकोफा आहे. पक्षी पुढे चाललाय, मान मागे वळलेली आणि चोचीत अंडं. सान म्हणजे परत, को म्हणजे जा, फा म्हणजे घे. विसरलेलं परत जाऊन आणण्यात काही वावगं नाही, अशी ती म्हण. सोसणं, तग धरणं असेल तर आया आहे, नेच्याचं पान, कुठेही फटीत उगवतं ते. ताकद असून नम्र असणं असेल तर द्वेनिम्मेन, मेंढ्याची शिंगं वरून बघितल्यासारखी, चार वेटोळी. बायकांच्या जगण्याबद्दल असेल तर दुआफे, लाकडी फणी.

आणि मग ते छापतात कसं ते समजून घे, कारण पॅटर्नचा जीव तिथे आहे. कुमासीजवळ न्तोन्सो नावाचं गाव आहे, तिथे हे काम चालतं. ठसे कोरतात वाळलेल्या भोपळ्याच्या कवचात, आपल्या मिरजेत तंबोऱ्याला लागतो तसा टणक भोपळा डोळ्यासमोर आण. दोन-तीन इंचांचा तुकडा, त्यावर चिन्ह कोरलेलं आणि मागे काड्या बांधून केलेली मूठ. शाई बादिए नावाच्या झाडाच्या सालीची. साल भिजवून कुटतात, तासन्‌तास उकळतात, गाळून परत आटवतात, शेवटी काकवीसारखी दाट काळी होते. आता बघ, भोपळ्याचं कवच गोलसर असतं, सपाट नसतं, त्यामुळे ठसा नुसता दाबून चालत नाही, एका कडेकडून दुसऱ्या कडेला डोलवावा लागतो. म्हणून एकाच ठशात कुठे शाई दाट, कुठे कड पुसट, आणि पुढचा ठसा त्याच्यापेक्षा वेगळा. तू कॉम्प्युटरवर एकच आकार कॉपी-पेस्ट केलास म्हणून रॅपर झाला. शिवाय ठसे मारायच्या आधी लाकडी फणीसारखं हत्यार शाईत बुडवून कापडावर समांतर रेघा ओढतात, चौकोन पाडतात, आणि एका चौकोनात बहुधा एकाच चिन्हाचे ठसे भरतात. त्या हाताने ओढलेल्या, किंचित हललेल्या रेघा म्हणजे तुझी ग्रिड. तिथे शीर्षक बसव, एक चौकोन रिकामा सोडून दे, त्यात कवीचं नाव. चिन्ह रबरात किंवा लिनोलियमवर कोर, चाळीस ठसे मार, स्कॅन कर, त्यातले बारा निवड. एवढं कर आणि सरांना परत दाखव.

आम्ही नाशिकचे छोटे प्रकाशक. एका नायजेरियन कादंबरीचा मराठी अनुवाद काढतोय. आर्टिस्टला सांगितलं की शीर्षकाची अक्षरं "आफ्रिकन" दिसू देत, जंगल-सफारीच्या सिनेमांची असतात तशी जाड, ओबडधोबड. तो म्हणतो अशी देवनागरी मिळत नाही. तुमच्या माहितीत एखादा फॉन्ट आहे का?

आहेत तसे जाड, ओबडधोबड फॉन्ट, पण साहेब, मी सुचवणार नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगते कारण हा प्रश्न एकट्या तुमचा नाही, चार जणांनी विचारलाय.

तुमच्या डोळ्यासमोर जी अक्षरं आहेत ती बहुतेक नॉयलँड नावाच्या टाइपची किंवा त्याच्या नकलांची असणार. तो टाइप १९२३ चा, केला रुडॉल्फ कोख या जर्मन माणसाने, जर्मनीतल्या ओफेनबाखच्या क्लिंगस्पोर या छपाईची अक्षरं ओतणाऱ्या फाउंड्रीसाठी. आधी कागदावर चित्र न काढता त्याने तो थेट धातूत कापला, म्हणून तो तसा लाकडात घाव घातल्यासारखा दिसतो. आफ्रिकेशी त्याचा काडीचा संबंध नाही. दुसरा नेहमीचा लिथोस, तो १९८९ चा, अमेरिकेत अडोबीसाठी कॅरल ट्वॉम्बलीने केलेला, आणि त्याची प्रेरणा ग्रीसमधले जुने शिलालेख! या दोन टाइपना जाहिरातवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी इतकी वर्षं जंगल, सफारी, ढोल यांच्याबरोबर छापलं की आता ते बघितले की लोकांना आफ्रिका आठवते. म्हणजे ती "आफ्रिकन" अक्षरं जर्मन आणि ग्रीक आहेत.

आपल्या बाबतीत हेच होतं बघा. परदेशातल्या इंडियन रेस्टॉरंटच्या पाटीवर इंग्रजी अक्षरांना वरून शिरोरेषा लावलेली असते, करी हाउस वगैरे, आपल्याला ते बघून कसंतरी होतं ना? लिहिणाऱ्याला देवनागरी येत नाही आणि यायची गरजही वाटलेली नाही, हे त्या पाटीतून कळतं. लागोसच्या लेखिकेला तिच्या मराठी पुस्तकावर दगडात घाव घातलेली अक्षरं दिसली तर तिला तेच वाटणार. लागोस हे कोटीच्या पलीकडे वस्ती असलेलं शहर आहे, ट्रॅफिक, बँका, फॅशन, सगळं. कादंबरी बहुधा अशाच एखाद्या शहरात घडत असेल, नाही का?

मग करायचं काय? नायजेरियाची स्वतःची छपाईची परंपरा आहे ती बघा. नायजर नदीकाठी ओनित्शा नावाचं बाजाराचं गाव आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धानंतरपासून १९६७ च्या यादवी युद्धापर्यंत छोट्या छोट्या पुस्तिका धडाक्यात छापल्या जायच्या, प्रेमपत्रं कशी लिहावीत, पैसा कसा कमवावा, नाटकं, सल्ले. साधी लेटरप्रेस, जे खिळे म्हणजे धातूची सुटी अक्षरं हाताशी असतील ती, त्यामुळे एका कव्हरवर चार वेगवेगळे टाइप, एखादा लाकडी ठोकळा नाहीतर मिळेल तो फोटो, आणि लांबलचक शीर्षक. आपल्याकडे जत्रेत मिळणारी पुस्तकं आणि तमाशाची पोस्टरं याच जातकुळीतली. तुमच्या आर्टिस्टला म्हणावं मराठी लेटरप्रेसचे जुने खिळे आणि लाकडी टाइप शोध, त्यातून शीर्षक जुळव. ओनित्शाची आठवण येईल आणि अक्षर अस्सल देवनागरी राहील.

आणि तो नारिंगी सूर्यास्त आणि छत्रीसारखं बाभळीचं झाड, तेही नको. २०१४ मध्ये कुणीतरी आफ्रिकेवरच्या ३६ पुस्तकांची कव्हरं एकाशेजारी एक लावून दाखवली होती, देश वेगळे, लेखक वेगळे, आणि कव्हर जवळपास तेच, झाड आणि सूर्यास्त. नारिंगीच हवा असेल तर त्याला चांगलं कारण आहे, हाइनमन या ब्रिटिश प्रकाशकाने १९६२ ला सुरू केलेल्या आफ्रिकन रायटर्स सिरीजची कथा-कादंबऱ्यांची पुस्तकं नारिंगी असायची, नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे तिचे पहिले संपादकीय सल्लागार. तो नारिंगी सपाट, भक्कम रंग आहे, ग्रेडियंट नाही.

न्सिबिदी लिपी कुठल्याही पुस्तकावर वापरता येते का? ग्राफिकली फार पॉवरफुल आहे. (मुंबईहून एक फ्रीलान्सर)

कुठल्याही नाही. न्सिबिदी आग्नेय नायजेरिया आणि लागून असलेल्या कॅमेरूनची, क्रॉस नदीच्या खोऱ्यातली, एजाघाम, एफिक, इबिबिओ, इग्बो लोकांमधली. तिची काही चिन्हं सगळ्यांना माहीत असतात, प्रेम, लग्न, भांडण अशी. पण बरीच चिन्हं एक्पे म्हणजे बिबट्याच्या नावाने चालणाऱ्या मंडळाच्या आतली आहेत, आणि मंडळात जितकी वरची पायरी तितकी जास्त चिन्हं कळतात. उकारा नावाच्या निळीत रंगवलेल्या कापडावर ती असतात, आणि ते कापड नेसायचा हक्क मंडळातल्यांचा. आता आपण नेटवरून एखादं चिन्ह उचलून थ्रिलरच्या कव्हरवर टाकायचं म्हणजे कुणाच्या तरी देवघरातली वस्तू दाराबाहेर मांडण्यासारखं आहे, आणि आपल्याला ते कळणारही नाही.

व्हिक्टर एक्पुक म्हणून नायजेरियन चित्रकार आहे, लागोसच्या डेली टाइम्समध्ये तो इलस्ट्रेटर होता. त्याचं काम बघा. तो न्सिबिदीतून विचार घेतो, म्हणजे कमीत कमी रेघेत अख्खी कल्पना कशी बसते तो विचार, आणि चिन्हं बरीचशी स्वतःची काढतो. हा माणूस त्याच भागातला आहे आणि तरीही तो इतका विचार करतो, मग आपण किती करायला हवा.

पुस्तक इग्बो समाजातलं असेल तर उली बघा. ते बायकांचं, अंगावर आणि भिंतींवर काढायचं. शेंगांच्या रसाने बारीक काडीने अंगावर काढतात, नंतर ते काळं होतं, आठवडाभर टिकतं, आपल्या मेंदीसारखंच म्हणा. पण मेंदी जागा भरत जाते आणि उली जागा सोडत जाते. एक लांब वाकडी रेघ, एक वेटोळं, तीन ठिपके, बाकी सगळं मोकळं. उचे ओकेके हा मोठा चित्रकार, त्याची आईच उली काढायची, तिच्याकडून त्याने ते घेतलं आणि न्सुक्काच्या विद्यापीठात एक पूर्ण पिढी त्यावर उभी राहिली. कव्हरसाठी उली फार शहाणी आहे, शीर्षकाला जागा मागावी लागत नाही.

इथिओपियाच्या लिपीचा फील देवनागरी लेटरिंगमध्ये आणता येईल का? आणि अदलाम, न्को अशा लिपीतला एखादा शब्द कव्हरवर टाकायचा असेल तर टाइप कसा करायचा? आमच्याकडे सगळं उलटसुलट येतंय. (पुण्याहून एक डीटीपी ऑपरेटर)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना मला खरंच आनंद होतोय, कारण इथिओपियाची गीझ लिपी आणि आपली देवनागरी यांचं नातं आहे, रक्ताचं नाही पण स्वभावाचं. तिथेही बाराखडी आहे! मूळ अक्षरात स्वर धरलेलाच असतो आणि स्वर बदलला की अक्षराला काहीतरी जोडतात. गीझची मूळ अक्षरं २६, प्रत्येकाची सात रूपं. त्यांचं 'ल' घ्या, दोन पाय फाकवून उभ्या माणसासारखं अक्षर. 'लु' करायला उजव्या पायाला मधोमध एक छोटी आडवी रेघ, 'ली' करायला तीच रेघ पायाशी, 'ला' करायला डावा पाय आखूड, 'ले' करायला उजव्या पायाशी एक कडी. आपण काना, वेलांटी, उकार बाहेरून लावतो आणि तिथे अक्षराचे पायच बदलतात. साधारण चौथ्या शतकात ही स्वरांची सोय आली. अशा लिपीला जगभर अबुगिडा म्हणतात, तो शब्दच तिकडच्या अक्षरांच्या नावांवरून आलाय, अ, बु, गि, दा. आपली देवनागरी पण त्याच नावाखाली मोजतात, म्हणजे आपल्या लिपीच्या प्रकाराचं नाव इथिओपियाचं आहे, हे मला समजलं त्या दिवशी मी तीन जणांना फोन करून सांगितलं होतं.

तर फील आणायचा म्हणजे देवनागरी अक्षराचे तुकडे पाडून तिकडचे आकार चिकटवायचे नाहीत, मग ते धड मराठीही वाचता येत नाही. हात घ्यायचा. तिकडचे लिहिणारे पण बोरूनेच लिहायचे, चामड्यावर. उभ्या रेघा जाड, आडव्या बारीक, अक्षरं सुटी सुटी, शिरोरेषा नाही. तुम्ही बोरू घ्या, उभी रेघ जाड ठेवा, शिरोरेषा अगदी बारीक करा किंवा प्रत्येक अक्षरावर तोडा, अक्षरात अंतर जरा जास्त ठेवा आणि अक्षरांचे पाय जमिनीवर घट्ट रोवा. सुरुवातीच्या ओळी लाल, पुढच्या काळ्या, ही तिकडच्या पोथ्यांची पद्धत, आपल्या पोथ्यांमध्येही लाल शाई असतेच. पानाच्या डोक्यावर वेलीसारखी गुंतलेली नक्षी असते, तिला हरेग म्हणतात, तीही घेता येईल. एकच सावधगिरी, गीझमध्ये दोन शब्दांच्या मध्ये दोन ठिपके देतात, एकाखाली एक. ते सुंदर दिसतात म्हणून मराठी शीर्षकात घ्याल तर वाचणारा विसर्ग वाचेल.

दुसरा प्रश्न, उलटसुलट येण्याचा. न्को आणि अदलाम या पश्चिम आफ्रिकेतल्या लिपी, दोन्ही उजवीकडून डावीकडे जातात आणि अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात. तुम्ही डीटीपीवाले आहात म्हणजे श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे उडते आणि जोडाक्षरं फुटतात हे दुःख तुम्हाला माहितीय, हे तेच दुःख आहे. इनडिझाइनमध्ये मराठी नीट यायला जो वर्ल्ड-रेडी कंपोझर लावतो तो आधी लावा, परिच्छेदाची दिशा उजवी करा. फॉन्ट गूगलच्या नोटोचे घ्या, दोन्ही लिपींचे आहेत, फुकट आहेत, छापायला परवानगी आहे. मग तोच शब्द ब्राउझरमध्ये नोटो लावून उघडा आणि शेजारी ठेवून ताडून बघा, जोड तुटलाय का, क्रम फिरलाय का. न्कोमध्ये अक्षरावरच्या खुणा सूर दाखवतात, त्या डिझाइनमध्ये नडतात म्हणून उडवू नका, आपली मात्रा उडवल्यासारखं होईल. आणि हे सगळं झाल्यावर ती भाषा वाचणाऱ्या एका माणसाला दाखवल्याशिवाय प्रेसला जाऊ नका, मी हे हात जोडून सांगते.

का हात जोडते ते पण सांगते. न्को लिपी सोलोमाना कांते यांनी १९४९ मध्ये पूर्ण केली, आफ्रिकन भाषा लिहिता येण्याजोग्या नाहीत असा कुणीतरी लिहिलेला शेरा त्यांनी वाचला होता आणि त्याला उत्तर म्हणून वर्षानुवर्षं खपून त्यांनी लिपीच केली. न्को म्हणजे "मी म्हणतो". अदलामची गोष्ट तर अजून जवळची, १९८९, गिनी देशातलं न्झेरेकोरे गाव, इब्राहिमा आणि अब्दुलाये बॅरी हे दोन भाऊ, एक १४ वर्षांचा आणि एक १० वर्षांचा. घरी वडिलांकडे लोक फुलानी भाषेतली पत्रं वाचून घ्यायला यायचे, ती अरबी लिपीत असायची आणि फुलानीतले काही आवाज त्या लिपीत नाहीतच, त्यामुळे वाचताना अडखळायला व्हायचं. मग पोरं खोलीचं दार लावून बसायची, डोळे मिटून कागदावर रेघा ओढायची, डोळे उघडून बघायची की यातला कुठला आकार अक्षर वाटतो, अशी २८ अक्षरं झाली. २०१६ मध्ये ती युनिकोडमध्ये आली. दोन पोरांनी डोळे मिटून शोधलेलं अक्षर आपण घाईत उलटं छापायचं हे बरं नाही.

मलिक अंबरवरच्या मराठी पुस्तकाचं कव्हर करतोय. तो हबशी होता म्हणून पाठीमागे अदिंक्रा चिन्हांचा टेक्स्चर टाकलाय. कसं वाटतं? (औरंगाबादहून)

काढून टाका. मलिक अंबर इथिओपियातला, अदिंक्रा घानाचं. इथिओपियाच्या अदिस अबाबाहून घानाचं अक्रा शहर चार हजार किलोमीटरहून लांब आहे, मुंबई त्यापेक्षा जवळ! आफ्रिका हा खंड आहे, एक गाव नाही.

मग गीझ लिपी टाकावी का, तर तेही मला पटत नाही. ती तिथल्या ख्रिस्ती चर्चची लिपी, आणि हा माणूस लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, मुसलमान झाला, बगदादहून दख्खनला आला. त्याचं सगळं कर्तेपण इथलं, निजामशाहीतलं, दरबाराची भाषा फार्सी. तुम्ही तर त्याच्याच शहरात बसलायत, खडकी म्हणजे तुमचंच शहर, ते त्याने वसवलं. त्याने बांधलेल्या नहर-ए-अंबरी या पाणीपुरवठ्याच्या नहरीचे जे पाण्याचे मनोरे आणि उच्छ्वास आहेत ते बघा, खुलताबादला त्याची कबर आहे, तिथली जाळी, दगड बघा, १६२६ मध्ये तो गेला त्या काळातली दख्खनी चित्रं बघा, त्यात त्याची चित्रंसुद्धा आहेत, पांढरा झुळझुळीत जामा, करारी चेहरा. एवढं सगळं हाताशी असताना घानाचा ठसा कशाला?

ही चिन्हं वापरायला कुणाची परवानगी लागते का? पैसे द्यावे लागतात का? (तिघांनी विचारलंय)

घानामध्ये कायदा आहे. २००५ च्या कॉपीराइट कायद्यात लोककला येते, अदिंक्रा आणि केंटे (तिकडचं हातमागावर विणलेलं कापड) ही त्यातली डिझाइन्स, आणि तिचे हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे ठेवलेत. व्यापारासाठी वापरायचं तर तिथल्या नॅशनल फोकलोअर बोर्डाची परवानगी घ्यायची असते. भारतात छापलेल्या पुस्तकापर्यंत तो कायदा हात पोचवणं अवघड, हे खरंय, पण पकडले जाणार नाही म्हणून करायचं हा काही मुद्दा नाही. वारलीचं काय झालं ते आपण बघतोच, जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या माणसाने आयुष्य घातलं त्यात, आणि मॉलमधल्या मगवर नुसतं "ट्रायबल आर्ट" लिहिलेलं असतं, ना पालघरचं नाव ना वारल्यांचं. आपण तसं करू नये. श्रेयपानावर एक ओळ लिहा, चिन्हाचं नाव, कुणाचं, कुठलं, अर्थ काय. आणि बजेटमध्ये थोडी जागा असेल तर तिकडच्याच डिझायनरकडून चिन्ह काढून घ्या, सगळं ऑनलाइन होतं आता. झिम्बाब्वेतल्या हरारेचे डिझायनर साकी माफुंडिक्वा यांनी आफ्रिकेतल्या लिपींवर २००४ मध्ये एक अख्खं पुस्तक केलंय, १९९९ मध्ये डिझाइनची शाळा काढलीय. तिकडे शिकलेली माणसं आहेत, विचारलं तर उत्तर देतात.

मी रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षिका आहे, सातवीच्या मुलांचं हस्तलिखित करतोय. मुलांना अदिंक्रा दाखवलं, त्यांना फार आवडलं. कव्हरवर तीच चिन्हं काढू द्यावीत का?

बाई, तुमचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला. एक चिन्ह जरूर काढू द्या, सांकोफा घ्या, आतल्या पानावर त्याचं नाव आणि घानाचा नकाशा काढा. बाकीची मात्र मुलांना स्वतःची करू द्या. अदिंक्रा म्हणीवर उभं आहे आणि आपल्याकडे म्हणींची काय कमी. थेंबे थेंबे तळे साचे, एकेका मुलाला एकेक म्हण द्या, आणि सांगा की ती पाचपेक्षा जास्त रेघा न वापरता एका वाटीएवढ्या गोलात बसव, आणि बघणाऱ्याला सांगायला लागलं नाही पाहिजे. मुलं खूप खोडतील, खोडू द्या.

ठसे बटाट्यात कोरा, भेंडीचा ठसा तर सगळ्यांना येतोच. वाळलेला दुधी मिळाला तर त्याच्या कवचाचा एक तरी ठसा करून बघा, कापायचं काम तुम्ही करा कारण सुरी निसटते, आणि मुलांना तो डोलवून मारायला लावा, हाताला लगेच फरक कळतो. अक्षर कोरायचं असेल तर आधी ट्रेसिंग पेपरवर काढून कागद उलटा करून मग कोरा, नाहीतर 'क' उलटा उमटतो आणि पोरं हिरमुसतात. जाडसर खाकी कागद, एकच काळी शाई, रेघा फणीने. झालं की फोटो पाठवा, कुठल्या मुलाने कुठली म्हण घेतली होती ते पण लिहा.